बेपत्ता माजी सैनिक आणि गावाकडचा शेरीफ: अमेरिकेत हा शोध कसा चालतो

'शेरीफ' म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे दोन चित्रं येतात. एक मुंबईच्या शेरीफांचं. राज्यपालांनी नेमलेली मानाची व्यक्ती, दिलीपकुमार, सुनील गावस्कर अशा मंडळींनी भूषवलेलं पद, समारंभ पुष्कळ आणि अधिकार जवळजवळ शून्य. दुसरं, घोड्यावर बसलेल्या बिल्लेवाल्याचं. अमेरिकेच्या ग्रामीण भागात आज काम करणारा शेरीफ या दोन्हींपेक्षा फार वेगळा आहे, आणि एखादा मनाने खचलेला माजी सैनिक घरातून निघून जातो तेव्हा सगळा भार याच एका माणसावर पडतो.

आपल्याकडचे पोलीस अधीक्षक, तुरुंग अधिकारी आणि कोर्टाचे बेलिफ एकाच माणसात कालवा, आणि त्याला साधारण दर चार वर्षांनी मतं मागत दारोदार फिरायला लावा, म्हणजे शेरीफ तयार होतो. तो काउंटीचा, म्हणजे ढोबळमानाने जिल्ह्याचा, लोकांनी निवडून दिलेला पोलीसप्रमुख असतो. ओरेगॉनसारख्या राज्यात डोंगरदऱ्यांत हरवलेल्या माणसाला शोधायची कायदेशीर जबाबदारीही त्याचीच. कॅलिफोर्नियातल्या बहुतेक काउंट्यांत तर संशयास्पद मृत्यूची चौकशी करणारा 'कॉरोनर'सुद्धा तोच. म्हणजे शोधणारा तो, आणि शोध वाईट तऱ्हेने संपला तर मृत्यूचं कारण कागदावर लिहिणाराही तोच.

अंतराचा अंदाज यावा म्हणून ओरेगॉनमधली हार्नी काउंटी घेऊ. क्षेत्रफळ सुमारे २६,००० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या अहिल्यानगर जिल्ह्याच्या दीडपट किंवा सात गोवे मावतील एवढं. लोकसंख्या २०२० च्या जनगणनेत साडेसात हजारांच्या आसपास. आपल्याकडे एका मोठ्या गावात एवढी माणसं असतात. बर्न्स हे तिथलं मुख्य गाव. माजी सैनिकांसाठीचं जवळचं मोठं सरकारी रुग्णालय शेजारच्या आयडाहो राज्यातल्या बॉइसी शहरात, सुमारे ३०० किलोमीटरवर. मन बिघडलेल्या माणसाने तिथवर एकट्याने गाडी हाकत जायचं, भर हिवाळ्यात. बॉइसीचं हे अंतर डोक्यात ठेवा, कारण पुढे जे घडतं त्याची मुळं बऱ्याचदा तिथे असतात.

आता असं समजा, नोव्हेंबरातला एक मंगळवार आहे. अशाच एका काउंटीत सकाळी सात वाजता फोन येतो. बाई सांगतात, नवरा रात्री कधीतरी उठून गेला, पिकअप ट्रक अंगणात नाही. इराकमध्ये दोनदा जाऊन आलेला, पीटीएसडीवर, म्हणजे मनावरच्या जबर आघातातून जडणाऱ्या आजारावर, उपचार चालू होते, गेले काही आठवडे झोप नाही.

शेरीफपुढचा पहिलाच पेच कायद्याचा आहे. सज्ञान माणसाला कुणालाही न सांगता निघून जायचा पूर्ण हक्क आहे. बायकोशी भांडून, नोकरीला कंटाळून, कर्जाला वैतागून किंवा काहीच कारण नसताना. तो गुन्हा नाही, त्यामुळे पोलिसांनी पाठलाग करायचं कारणही नाही. दुसरीकडे, हा माणूस स्वतःच्या मर्जीने गेला आहे की आजाराने त्याला बाहेर ओढलं आहे, हे कोण ठरवणार? 'चोवीस तास थांबा, मग या' हे वाक्य आपल्याकडच्या चौक्यांत जसं ऐकू येतं तसं तिथेही ऐकवलं जात आलं आहे. सज्ञान माणसाची तक्रार घेण्याआधी इतके तास थांबलंच पाहिजे, असं अमेरिकेचा देशपातळीवरचा कोणताही कायदा सांगत नाही. ती नुसती सवय आहे, आणि या सवयीने माणसं दगावली आहेत.

२०१७ साली विस्कॉन्सिन राज्यातल्या मिलवॉकी शहरात हवाई दलातला एक सार्जंट असाच नाहीसा झाला. पीटीएसडी आहे, जिवाला धोका आहे, असं घरच्यांनी सांगितलं होतं. तरी 'गंभीर बेपत्ता' या वर्गात त्याची नोंद सुरुवातीला झाली नाही, कारण वयाने तो लहानही नव्हता आणि म्हाताराही नव्हता. तीन आठवड्यांच्या आत त्याचा मृतदेह एका उद्यानातल्या तळ्यात मिळाला. त्यानंतर २०१८ मध्ये त्या राज्याने 'ग्रीन अलर्ट'चा कायदा केला: धोक्यात असलेला माजी सैनिक बेपत्ता झाला तर लहान मुलांसाठी देतात तशी सार्वजनिक सूचना ताबडतोब द्यायची. अशी सोय प्रत्येक राज्यात नाही. जिथे नाही तिथे सगळं शेरीफच्या अंदाजावर येऊन ठेपतं. एफबीआयच्या एनसीआयसी या संगणकीय यादीत नाव चढवताना एक वर्ग निवडावा लागतो. त्यात 'धोक्यात असलेला' निवडला की शेजारच्या राज्यातला गस्तीवरचा पोलीसही ती गाडी दिसली तर निष्काळजीपणे पुढे जाऊ देत नाही.

पीटीएसडी म्हणजे काय, हे इथे थोडं थांबून सांगायला हवं, कारण शोधाचा सगळा नकाशा त्याच्यावर बेतलेला असतो. हे नाव अधिकृतपणे १९८० मध्ये रूढ झालं, व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांनी आणि त्यांच्या डॉक्टरांनी बराच लढा दिल्यावर. आजार मात्र जुनाच आहे. पहिल्या महायुद्धात त्याला 'शेल शॉक' म्हणायचे. घडून गेलेली गोष्ट मनात घडायची थांबत नाही, असं त्याचं थोडक्यात स्वरूप. तिची आठवण करून देणाऱ्या प्रत्येक गोष्टीपासून माणूस पळतो आणि शरीर चोवीस तास पहाऱ्यावर उभं राहतं.

लहानपणी आमच्या आळीत एक सुभेदारकाका होते, एकाहत्तरची लढाई पाहिलेले. लग्नाच्या पंगतीत ते कधी मधल्या रांगेत बसले नाहीत. पाठीला भिंत आणि समोर दार, हे जमलं तरच पानावर बसायचे, नाहीतर 'नंतर जेवतो' म्हणून बाहेर उभे. आम्ही पोरं त्यांना शिष्ट समजायचो. त्या भिंतीचा अर्थ मला फार उशिरा कळला.

एक गोष्ट ठासून सांगतो. अमेरिकेच्या माजी सैनिक खात्याच्या, म्हणजे व्हीएच्या, मते तिथल्या १०० माजी सैनिकांपैकी साधारण ७ जणांना आयुष्यात कधी ना कधी पीटीएसडी होतो. ज्यांना होतो त्यांतले बहुतेक नोकरी करतात, पोरांना शाळेत सोडतात, औषधं घेतात. माजी सैनिक म्हणजे चालताफिरता बॉम्ब, ही समजूत खोटी आहे आणि अशा शोधात ती घातकही ठरते. इथे मोठा धोका स्वतःच्याच जिवाला असतो. २०२२ या एका वर्षात अमेरिकेत ६,४०७ माजी सैनिकांनी आत्महत्या केली, आणि त्यांत दहांतल्या सातांहून जास्त जणांच्या हातात बंदूक होती. म्हणूनच शेरीफ घरात शिरल्यावर बंदुकांचं कपाट आधी पाहतो.

स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून जो तास जातो, तो मला सगळ्या तपासातला सर्वांत मोलाचा वाटतो. हेलिकॉप्टर, श्वानपथक, सगळं नंतर. आधी साधे प्रश्न. फोन घरी आहे की नेला? पाकीट? पायात काय होतं, बूट की चपला? गोळ्यांची बाटली कुठे आहे, आणि तिच्यात किती गोळ्या उरल्यात? कपाटातली कुठली बंदूक कमी आहे? कुत्रा कुठे आहे?

प्रत्येक उत्तराचा वेगळा अर्थ निघतो. झोपायची पिशवी, स्टोव्ह आणि कुत्रा नेला असेल तर माणसाला पुढचे चार दिवस जगायचं आहे. डोक्यातला गोंधळ शांत करायला तो रानात गेला असण्याची शक्यता मोठी, आणि असं करणारे पुष्कळ आहेत. गोळ्या ठेवून गेला असेल तर काही दिवसांनी प्रकृती बिघडेल, म्हणजे घड्याळ सुरू झालं. फोन, पाकीट, लग्नाची अंगठी नीट ओळीने ठेवून गेला असेल, कुत्रा काल शेजाऱ्याकडे सोडला असेल, तर मात्र शेरीफ काही न बोलता उठतो आणि बाहेर जाऊन वायरलेसवर सगळ्यांना बोलावतो. अंगठी ठेवणाऱ्याला परत यायचं नसतं. आपण कुत्रा परदेशी जाताना शेजाऱ्याकडे ठेवतो, कारण आपण परत येणार असतो. हा कुत्र्याची कायमची सोय लावून गेलेला असतो.

तारीखही विचारतात. आजपासून किती वर्षांपूर्वी काय घडलं होतं? कुठली गाडी उडाली होती, कोण मेलं होतं? बायकोला हे पुष्कळदा माहीत नसतं. ज्याला माहीत असतं तो तिसऱ्याच राज्यात राहणारा, त्याच्या तुकडीतला जोडीदार. भारतीय सैन्यातही अशा जोडीदाराला 'बडी' म्हणतात आणि तिथेही हाच शब्द. रात्री दोन वाजता या बडीला आलेला एक फोन, 'सगळं ठीक आहे, तू पोरांची काळजी घे' असं काहीतरी, ही कित्येकदा अख्ख्या तपासातली पक्की खूण ठरते. त्यामुळे जाणता शेरीफ जुन्या तुकडीच्या फोन नंबरांची यादी पहिल्या तासातच मागतो.

मग कागदपत्रं. रुग्णाची माहिती गुप्त ठेवायचा अमेरिकेचा कायदा, हिपा, १९९६ चा आहे आणि तो कडक आहे. तरी बेपत्ता माणूस शोधायला पोलिसांना ठरावीक माहिती देता येते, आणि जिवाला तातडीचा धोका असेल तर आणखीही देता येते, हे त्याच कायद्याच्या नियमांत लिहिलं आहे. अडचण अशी, की खिडकीपलीकडच्या कारकुनाला ते ठाऊक नसतं आणि 'नाही' म्हणणं त्याला सुरक्षित वाटतं. सहीसाठी एक दिवस जातो. उणे दहा अंशांच्या रात्रीत एक दिवस म्हणजे काय, ते वेगळं सांगायला नको.

फोन सोबत नेला असेल तर मोबाइल कंपनी तातडीच्या प्रसंगी वॉरंटशिवायही ठावठिकाणा सांगू शकते. पण शहरात दर गल्लीला टॉवर असतो, इथे पन्नास किलोमीटरला एक. कंपनी सांगते, 'टॉवरच्या पूर्वेला, या पाचरीत कुठेतरी', आणि त्या पाचरीत अख्खा तालुका मावतो. फोन बंद असेल तर तेवढंही नाही.

बहुधा ट्रकच आधी सापडतो. जंगलवाटेच्या तोंडाशी, खडीच्या मोकळ्या जागेत. इथे पहिल्या पोहोचलेल्या डेप्युटीने, म्हणजे शेरीफच्या हाताखालच्या पोलिसाने, काय करू नये, यावर बरंच अवलंबून असतं. दार उघडून आत हात घालायचा नाही, कारण सीटवरचा वास श्वानासाठी राखायचा आहे. स्वच्छ कापसाची घडी सीटवर ठेवून तो वास टिपून घेतात. गाडीभोवती फेऱ्या मारायच्या नाहीत, बुटांचे ठसे तिथेच असतात. खाली वाकून मात्र पाहायचं. आजूबाजूला बर्फ पडलेला आणि ट्रकखालची जमीन कोरडी असेल तर गाडी बर्फ पडण्याआधी इथे उभी राहिली, आणि बर्फ किती वाजता पडला हे हवामानखात्याकडे असतंच. किल्ली कुठे आहे? खिशात नेली असेल तर परतायचा विचार होता. पुढच्या चाकावर ठेवलेली असेल तर कुणीतरी गाडी घेऊन जाईल याची सोय त्याने केली आहे. घरच्यांना त्रास नको, एवढा विचार त्याही वेळी केलेला असतो. हे लिहिताना माझाही हात थांबतो.

इथून पुढे गणित सुरू होतं, आणि त्या गणिताचा जन्मही युद्धातच झाला आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी नौदलाला पाणबुड्या शोधायच्या होत्या. समुद्र अफाट, विमानं मोजकी. बर्नार्ड कूपमन या गणितज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी शोधाचं शास्त्र मांडलं, आणि पुढे तेच डोंगरात हरवलेल्या माणसांसाठी वापरात आलं.

कल्पना सोपी आहे. नकाशाचे तुकडे पाडा. माणूस कुठल्या तुकड्यात असण्याची शक्यता किती, हे अनुभवी लोकांकडून ठरवून घ्या. समजा, ओढ्याकाठचा तुकडा ४० टक्के, कड्याचा तुकडा ३० टक्के, बाकी सगळं मिळून ३०. आता ओढ्याकाठी वीस जण पाठवले. झुडपं इतकी दाट, की माणूस तिथे असला तरी दिसायची शक्यता निम्मीच. काही सापडलं नाही. म्हणून ओढा यादीतून खोडायचा का? नाही. तिथली शक्यता ४० वरून २५ टक्क्यांवर येते, आणि न शोधलेल्या कड्याची आपोआप ३० वरून साडेसदतीसवर चढते. म्हणून दुसऱ्या दिवशी माणसं कड्याकडे जातात, पण ओढा विसरायचा नसतो. 'तिकडे बघून झालंय' हे शोधातलं सर्वांत धोक्याचं वाक्य आहे. बघितलं किती बारकाईने, हा आकडा त्याच्यासोबत हवा.

शक्यता ठरवायला जुन्या शोधांच्या नोंदी उपयोगी पडतात. वाट चुकलेला गिर्यारोहक, विसराळूपणाचा आजार असलेले आजोबा, शिकारी, लहान मूल, प्रत्येकाची चाल वेगळी. जीव द्यायच्या विचाराने गेलेल्यांचा वेगळा गट आहे. त्यांतले निम्मे साधारण मैलभराच्या आतच सापडतात. त्यांना लांब जायचं नसतं, फक्त लोकांच्या नजरेआड जायचं असतं. पुष्कळदा ते एखाद्या सुंदर जागी मिळतात, जिथून दरी दिसते, तळं दिसतं, किंवा रान जिथे संपून माळ सुरू होतो तिथे. आणि हाका मारल्या तर ते ओ देत नाहीत. या एका फरकामुळे शोधाची पद्धत बदलते: ओरडत झपाट्याने पुढे जाण्याऐवजी जवळच्या भागात पावलापावलाने पाहावं लागतं.

माजी सैनिकाच्या बाबतीत आणखी एक गुंता आहे. लपून कसं राहायचं, थंडीत कसं टिकायचं, हे त्याला पैसे देऊन शिकवलेलं असतं. डोक्यावरून घरघरत जाणारं हेलिकॉप्टर आपल्याला मदत वाटेल, त्याला ते युद्धातल्या एखाद्या रात्रीत परत नेऊन सोडू शकतं. हातात बंदूक असू शकते, आणि शोधणारे बहुतेक स्वयंसेवक असतात: शेतकरी, शिक्षक, घोड्यावरून फिरणारे गुरांचे मालक. त्यांना अंधारात पुढे पाठवायचं की नाही, हा निर्णय शेरीफचा. काही जण अशा वेळी त्या बडीलाच बोलावून घेतात आणि भोंग्यावरून त्याला बोलू देतात. ओळखीच्या आवाजाने, लष्करातल्या टोपणनावाने. कित्येक शेरीफ आणि डेप्युटी स्वतः सैन्यातून आलेले असतात, त्यामुळे बोलायचं काय हे त्यांना उमगतं.

या सगळ्याच्या आधीचं एक पान सहसा कुणी उलगडत नाही. हा माणूस नाहीसा व्हायच्या आधी शेरीफची माणसं बहुतेक वेळा त्या घरी जाऊन आलेली असतात. शेजाऱ्याने फोन केला, बायको घाबरली, 'जरा बघून या' म्हणून कुणी सांगितलं. ओरेगॉनमध्ये २०१८ पासून असा कायदा आहे, की माणूस स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवावर उठेल अशी भीती असेल तर घरचे किंवा पोलीस कोर्टाकडून आदेश घेऊन त्याच्या बंदुका काही काळ काढून घेऊ शकतात. इतर अनेक राज्यांतही असे कायदे आहेत. ग्रामीण भागातल्या बऱ्याच शेरीफांनी मात्र 'आम्ही हे राबवणार नाही' असं उघड सांगितलं आहे. बंदूक बाळगायचा हक्क तिथे घटनेत आहे, मतदारांना तो प्राणाहून प्रिय आहे आणि शेरीफला निवडून यायचं आहे. मला त्यांची अडचण कळते, त्यांचं म्हणणं पटत नाही. कपाट महिनाभर रिकामं असतं, तर त्या मंगळवारी सकाळी टेबलाशी बसून बंदुका मोजायची वेळ आली नसती.

काही जण सापडतच नाहीत. आठवड्याभराने शोध 'मर्यादित' होतो. स्वयंसेवक आपापल्या कामांना परततात, प्रकरण उघडंच राहतं. घरच्यांच्या गालाच्या आतून कापसाचा बोळा फिरवून डीएनए घेतात आणि तो राष्ट्रीय संग्रहात जातो, म्हणजे पुढे कुठे अस्थी मिळाल्या तर जुळवता येतील. अस्थी पुष्कळदा शरद ऋतूतल्या शिकारीच्या हंगामात मिळतात, कारण तेव्हा लोक वाट सोडून रानात शिरतात. काहीच मिळालं नाही तर सात वर्षांनी माजी सैनिक खातं त्याला मृत धरू शकतं आणि विधवेचं निवृत्तिवेतन सुरू होऊ शकतं. अमेरिकेच्या माजी सैनिकांसाठीच्या कायद्यात हे कलम १०८ आहे. योगायोग असा, की आपल्या जुन्या पुरावा कायद्यातही सात वर्षांचं कलम १०८च होतं. त्या सात वर्षांत बाईने घराचा हप्ता कसा भरायचा, हे दोन्हीकडच्या कलमांत लिहिलेलं नाही.

आणि काही जण जिवंत सापडतात. झाडाला टेकून बसलेले, थंडीने निळे पडलेले, किंवा शेजारच्या राज्यात एखाद्या मोटेलच्या खोलीत झोपलेले. दार ठोठावणारा डेप्युटी बेड्या काढत नाही, कारण गुन्हा घडलेलाच नाही. तो आधी विचारतो, स्वतःला काही करून घ्यायचा विचार आहे का. उत्तर 'हो' असेल तर दवाखाना, मर्जी असो वा नसो. सोबत ९८८ हा नंबरही देतात. त्यावर फोन लावून १ दाबलं की माजी सैनिकांसाठीच नेमलेलं माणूस बोलायला येतं. उत्तर 'नाही' असेल आणि ते खरं वाटत असेल, तर दुसरा प्रश्न येतो: घरच्यांना काय सांगू?

माणूस म्हणतो, 'मी बरा आहे एवढंच सांगा. कुठे आहे ते सांगू नका.'

कायद्याने शेरीफला ते मानावं लागतं. तो गाडीत बसतो आणि सकाळच्या त्या टेबलापाशी थांबलेल्या बाईंना फोन लावतो. 'बाई, ते जिवंत आहेत. मी स्वतः बोललो त्यांच्याशी.' पलीकडून लगेच प्रश्न येतो, कुठे? आणि त्याला सांगावं लागतं, 'ते मला सांगता येणार नाही.'